बघणारीचं काम

आज आम्ही तुमच्याशी एका खेळाविषयी बोलणार आहोत. खेळ रणगाड्यांचा आहे, आणि तो कॉम्प्युटरवर खेळतात. हसू नका! गेल्या दिवाळीपर्यंत आम्हालाही वाटायचं, रणगाड्याचा आणि बचत गटाचा काय संबंध? पण आमच्या गटाचं कर्जच त्यात अडकलं होतं.

झालं असं. आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी तालुक्याला डिप्लोमा करते. तिच्या लॅपटॉपसाठी गटाने अंतर्गत कर्ज दिलं. ताईंनी हप्ता एकदाही चुकवलेला नाही. दिवाळीच्या सुट्टीत पोर घरी आली आणि गल्लीत कुजबुज सुरू झाली. गटाच्या पैशातल्या लॅपटॉपवर पोरगी रात्री एक-एक वाजेपर्यंत लढाया खेळते म्हणे! त्यात तिचा गणिताचा पेपर राहिलेला. बैठकीत विषय निघालाच. कोणी म्हणालं, लॅपटॉप गटाकडे जमा करा. कोणी म्हणालं, मुलगा असता तर एवढी चर्चा झाली असती का? ताई मान खाली घालून बसल्या होत्या. शेवटी आमच्यातल्या सर्वांत वडीलधाऱ्या आक्का म्हणाल्या, "अगं, पोर काय खेळते ते आधी बघून तर येऊ. न बघता निवाडा कसा करायचा?"

मग आम्ही सहाजणी संध्याकाळी ताईंच्या घरी गेलो. पोर आधी घाबरली. आक्का म्हणाल्या, "बाळा, ओरडायला नाही आलो. आम्हाला शिकव." मग तिने खुर्ची सरकवली आणि आम्ही पडद्यासमोर सतरंजीवर बसलो.

खेळाचं नाव वर्ल्ड ऑफ टँक्स. तो २०१० साली आला. बनवणाऱ्या कंपनीची सुरुवात बेलारूस देशातल्या मिन्स्क शहरात झाली. एका बाजूला १५ रणगाडे, समोर १५. प्रत्येक रणगाडा कुठे ना कुठे बसलेला खरा माणूस चालवत असतो. एक लढाई जास्तीत जास्त १५ मिनिटं चालते. आपला रणगाडा फुटला की त्या लढाईत पुन्हा उतरता येत नाही.

रणगाड्यांच्या जाती असतात. काही जाड पत्र्याचे, धिमे. काही लांबून तोफ डागणारे. पोरीचा मात्र हलका रणगाडा. पळायला चपळ, पण अंगाने पातळ, दोन-चार गोळ्यांत संपणारा. आमच्यातली एक म्हणाली, "मग असला कशाला घेतलास? मोठा घ्यायचा की!" पोर म्हणाली, "मावशी, याचं काम मारायचं नाही, बघायचं आहे."

मग तिने समजावून सांगितलं. या खेळात शत्रू मैदानात असला तरी आपोआप दिसत नाही. आपल्यापैकी कोणाच्या तरी नजरेत तो यावा लागतो. नजर पोचते ती जास्तीत जास्त ४४५ मीटर. मध्ये झुडूप असेल तर त्याहून कमी. हलका रणगाडा पुढे जाऊन शत्रू शोधतो. तो एकदा दिसला, की मागे उभ्या असलेल्या आपल्या मोठ्या तोफांनाही दिसू लागतो, आणि त्या गोळे टाकतात.

पण पुढे जायचं म्हणजे सुसाट पळायचं नाही. पोर म्हणाली, नवीन खेळणारे पहिल्याच मिनिटात जोरात धावतात आणि फुटतात. मग उरलेला वेळ त्यांची बाजू आंधळी होते. म्हणून आधी चांगलं झुडूप धरायचं आणि गप्प बसायचं. तोफ डागायचीच झाली तर झुडपापासून १५ मीटर मागे सरून डागायची, म्हणजे आडोसा टिकतो. झाड पाडायचं नाही, कारण पडणारं झाड शत्रूला दिसतं. आपण शत्रूच्या नजरेत आलो, की ३ सेकंदांनी पडद्यावर दिवा लागतो. दिवा लागला की हिंमत दाखवत बसायचं नाही, जागा सोडायची.

आमच्यासमोर तिने एक लढाई खेळली. बराच वेळ ती झुडपामागे नुसती बसून होती. आम्हाला वाटलं, हिला काही येत नाही. मग पडद्यावर लाल खुणा उमटू लागल्या, एक, दोन, चार. मागून गोळे सुटले. दिवा लागला तशी ती ओढ्यातून वळसा घालून दुसऱ्या टेकडीआड गेली. लढाई जिंकली. निकालाचा तक्ता आला. तिने स्वतः एकही रणगाडा फोडला नव्हता, तरी तिचं नाव वरून तिसरं. तिने दाखवलेल्या शत्रूंवर इतरांनी जे घाव घातले, त्याचे गुण तिलाही मिळाले होते.

आक्का पुढे सरकल्या. "म्हणजे नुसतं बघितल्याचंही खात्यावर जमा होतं?"

"हो आजी. बघणारी नसेल तर मागच्या तोफा काय करणार?"

आमच्यातल्या एकीचा भाऊ फौजेत आहे. ती म्हणाली, "खऱ्या रणगाड्यात माणसं असतात गं, हे विसरू नकोस." पोर म्हणाली, "नाही विसरत, मावशी. हा एएमएक्स-१३ रणगाडा फ्रान्सचा. आपल्या फौजेकडेही होता. आत तीन माणसं बसायची. १९६२ च्या युद्धात असे रणगाडे विमानाने लडाखला चुशूलला नेले होते. हलके होते म्हणून नेता आले. १९४८ मध्ये जोझिला खिंडीतही आपल्या फौजेने हलके स्टुअर्ट रणगाडे चढवले होते." आम्ही गप्पच झालो. या पोरीने गणित सोडलं असेल, पण ती वाचत होती. अहिल्यानगरला रणगाड्यांचं संग्रहालय आहे, तिथे तिला जायचंय. पुढची सहल तिकडेच काढू, असं आम्ही ठरवलं.

म्हणून चूक झाकली, असं नाही. रात्रीचं जागरण आणि राहिलेला पेपर, दोन्ही खरं होतं. ते तिच्याच तोंडून आम्ही ऐकलं. लॅपटॉप तिच्याकडेच राहिला, पण अटी ठरल्या, त्याही तिनेच लिहिल्या. अभ्यासाच्या दिवशी दोन लढाया, रात्री दहानंतर बंद. तिचा पेपर पुढच्या परीक्षेत आहे. हप्ता चालू आहे.

मैत्रिणींनो, तुमच्या घरातही मुलं खेळत असतील. आम्ही शिकलो ते सांगतो. "किती वेळ झाला" यापेक्षा "किती लढाया झाल्या" असं विचारा. लढाई चालू असताना उठवलं तर सोबतच्या चौदा जणांचं नुकसान होतं आणि पोर चिडतं. "ही संपली की ऊठ" म्हटलं तर पंधरा मिनिटांच्या आत उठता येतं. हा खेळ फुकट खेळता येतो, पण आतलं सोनं आणि खास रणगाडे विकत असतात. म्हणून यूपीआयचा पिन मुलांना सांगू नका, कार्ड खेळात जोडून ठेवू नका. अनोळखी माणसं लिहून बोलतात, ते बोलणं सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतं. आणि एकदा तरी शेजारी बसून खेळ बघा.

शेवटी आमच्या गटाचं. आमच्यातली एकजण दर बैठकीआधी घरोघरी फिरते. कोण आजारी आहे, कोणाची म्हैस गेली, कोणाला यंदा हप्ता जड जाणार, हे तिला आधी कळतं. म्हणून आम्ही वेळेवर मदत करतो आणि थकबाकी होत नाही. इतिवृत्तात कर्जाची रक्कम लिहिली जाते, अध्यक्ष-सचिवांच्या सह्या होतात. तिच्या फिरण्याची नोंद मात्र इतक्या वर्षांत कुठेच नव्हती. त्या संध्याकाळी परत येताना आक्काच म्हणाल्या, "पोरीच्या खेळात बघणारीला गुण आहेत. आपल्या वहीत का नाहीत?"

पुढच्या बैठकीपासून आम्ही तिची गृहभेट तारखेसह इतिवृत्तात लिहितो. पहिल्यांदा नाव वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "एवढं काय त्यात?" पण वही दोनदा उघडून तिने ते बघितलं.

तुमच्या गटात असं बघायचं काम कोण करते? तिचं नाव वहीत आहे का, बघा.