आळंदीच्या धर्मशाळा

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, आळंदीची वारी आपण करितों, पण देवळाच्या वाटेवरील इमारतींकडे फारसें पाहत नाहीं. तेथल्या कित्येक धर्मशाळा आपल्याच वाडवडिलांनीं पै-पै जमवून बांधल्या. पण बांधल्या त्या जातवार! इंद्रायणी एक, माउली एक, रात्रीं पाठ टेकायला भिंती मात्र निरनिराळ्या.

पुढें चाकणास कारखाने झाले. आळंदींत भाड्याच्या खोल्या वाढल्या, दगडमातीच्या जागीं सिमेंट आलें, मंगल कार्यालयें उठलीं. कांहीं धर्मशाळांतहि लग्नें लागूं लागलीं. घरच्यांनीं नाकारलेलीं मुलेंमुली दुरून येथें येतात. कित्येकदां वधू एका जातीची, वर दुसऱ्या. पाटी जातीची, अक्षता जातीबाहेरच्या!

संन्यास सोडून संसार केला म्हणून विठ्ठलपंतांना याच गांवच्या ब्रह्मवृंदानें वाळीत टाकिलें, असें परंपरा सांगते. त्यांच्याच मुलानें 1296 सालीं येथें समाधि घेतली, आणि त्याच्या वारीसाठीं आपण जातवार घरें बांधलीं! हें भटांनीं नव्हे, आपण केलें.

आमची दिंडी कार्तिकींत जेथें उतरते, त्या धर्मशाळेच्या डागडुजीची वर्गणी यंदां निघाली आहे. आम्हीं पंचांना सांगितलें, पैसे देतों, पण पाटी नव्यानें रंगवाल तेव्हां जातीचें नांव गाळा. पंच अजून कांहीं बोललेले नाहींत.