हिंवाळ्यांतलें ऊन आणि लग्नाचें छायाचित्र



तुळशीचें लग्न लागलें कीं माणसांच्या लग्नांस आरंभ व्हावा, हा आपल्याकडील जुना क्रम आहे. त्यानंतरचे मुहूर्त थंडीच्या दिवसांतले. पाहुण्यांस शाली लागतात, पहांटे चुलाण्याभोंवतीं गर्दी होते. परंतु या दिवसांची खरी देणगी फारशी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. ती म्हणजे त्यांचें ऊन.

सोलापूर जिल्ह्यांतील कुर्डुवाडीचें उदाहरण घ्यावें. १८९७ सालीं बार्शी लाइट रेल्वेची अडीच फूट रुळांची गाडी येथून बार्शीस धावूं लागली. ती गाडी आतां इतिहासजमा झाली. पण जंक्शनावर वऱ्हाड उतरण्याची धांदल अद्याप तीच आहे.

हें गांव विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें १८ अंशांवर वसलेलें आहे. त्यामुळें मे महिन्याच्या मध्यास भरदुपारीं सूर्य अगदीं डोक्यावर येतो आणि माणसाची सावली पायांतळीं लपते. अशा वेळीं घेतलेल्या छायाचित्रांत डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, नाकाची सावली ओठांवर उतरते, आणि फेट्याखालीं नवरदेवाचा चेहरा शोधावा लागतो. डिसेंबरच्या अखेरीस तोच सूर्य माध्यान्हींही ४८ अंशांच्या आसपासच राहतो, आणि सकाळीं साडेआठ वाजतां तर तो क्षितिजापासून जेमतेम २० अंश वर आलेला असतो. त्याचा प्रकाश वरून कोसळत नाहीं. समोरून येतो आणि डोळे उजळतो.

शिवाय तिरप्या किरणांस हवेच्या जाड थरांतून यावें लागतें. सूर्य ३० अंशांवर असतां त्यांची वाट माथ्यावरील सूर्याच्या मानानें दुप्पट होते. वाटेंत निळा प्रकाश अधिक विखुरतो. पिवळा आणि तांबूस शिल्लक राहतो. थंड रात्रीनंतर जमिनीलगत रेंगाळणारा धूर, धूळ आणि क्वचित् धुकें उन्हाची उरलेली धारही बोथट करतात.

प्रकाश मृदु होतो तो उगम विस्तीर्ण झाल्यानें. लहान दिव्याची सावली कापल्यासारखी पडते. चुन्यानें सारवलेली भिंत उजळली, तर तिच्या प्रकाशांत सावलीच्या कडा विरून जातात. विजेचे दिवे येण्यापूर्वींचे स्टुडिओ म्हणूनच उत्तरेकडे कांचेचें छप्पर ठेवीत. मुंबईंत १८५४ सालीं छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. त्यानंतर कित्येक दशकें सूर्य हाच या कलेचा मुख्य दिवा होता. आपल्या माळवदी घराचा उत्तरेकडील सोपा म्हणजे बिनपैशाचा स्टुडिओच होय. हिंवाळ्यांत सूर्य दक्षिणेकडे असल्यामुळें तेथें ऊन शिरत नाहीं. पण समोरच्या भिंतीचा उजेड दिवसभर भरून राहतो.

आतां लग्नघरांतील एक नेहमींचा प्रसंग पाहूं. मुलगी सांवळी आहे. हळदीच्या सकाळीं आई छायाचित्रकारास बाजूला घेऊन हळूच म्हणते, "भाऊ, मुलगी जरा उजळ दिसली पाहिजे, बरं का." शहाणा छायाचित्रकार उत्तर देतो, "मावशी, मुलगी आहे तशीच छान दिसेल. ऊन चढायच्या आधीं तिला सोप्यांत पाठवा, आणि आजीलाही शेजारीं बसवा."

पण पाठवावयाचें कोणीं? मामा तांदूळ मोजीत असतात, भटजी घाई करीत असतात, आणि मुलगी मोकळी होते ती बारा वाजतां. मग रंगीत मांडवाखालीं कापडाची लाल-हिरवी झांक तोंडावर येते. ती घालविण्यास प्रखर दिवा लावला कीं पावडर चकाकते. आणि पुढें यंत्रावर वर्ण इतका उजळतात कीं मुलगी स्वतःलाच ओळखीत नाहीं. सौम्य उजेडांत मात्र सांवळ्या कांतीचे बारीक रंगभेद उमटतात, हळदीचा पिवळेपणा खुलतो, मुंडावळ्यांची सावली गालावर नुसती तरंगते. आजीच्या सुरकुत्याही तेथें खोल चरे होत नाहींत. पुष्कळ घरांत आजीचें शेवटचें चांगलें चित्र अशा एखाद्या लग्नांतलेंच असतें.

आपल्या पूर्वजांनीं गोरज मुहूर्त योजिला तो छायाचित्रासाठीं नव्हे. तरीही गाई परतण्याची ती वेळ, खुरांनीं उडालेली धूळ आणि मावळतीचें तांबूस ऊन, यांहून सुंदर प्रकाश कोणत्या कॅमेऱ्यास हवा?

म्हणून लग्नपत्रिका छापतांना वडीलधाऱ्यांनीं एवढेंच करावें: मुहूर्त ठरला कीं सकाळचा किंवा सायंकाळचा अर्धा तास वधूवरांसाठीं राखून ठेवावा, आणि तो पंगतीइतक्याच कटाक्षानें पाळावा. मुलगी सासरीं गेल्यावर माहेरच्या भिंतीवर तिचें चित्रच राहतें. तें तिचेंच असावें; दुसऱ्या कोणा गोऱ्या मुलीचें नसावें.