नेपाळमधली गाउँपालिका

नेपाळने २०१७ साली तीन हजारांहून अधिक गाव विकास समित्या मोडून ७५३ स्थानिक सरकारे उभी केली. त्यांतल्या ४६० गाउँपालिका, म्हणजे ग्रामीण नगरपालिका. हा बदल मला योग्य वाटतो, कारण बारावीपर्यंतचे शालेय शिक्षण, प्राथमिक आरोग्य असे विषय त्यांना थेट राज्यघटनेने दिले आहेत. वरच्या सरकारच्या मर्जीवर ते अवलंबून नाहीत. शेताच्या बांधाचा किंवा पाटाच्या पाण्याचा तंटासुद्धा गाउँपालिकेच्या उपाध्यक्षांच्या न्यायिक समितीपुढे जातो. डोंगराळ मुलखात कचेरी लांब गेली, हा आक्षेप खराच. पण जन्मनोंद, शिफारसपत्र वॉर्ड कार्यालयातच मिळते आणि वॉर्डाच्या पाच प्रतिनिधींत दोन स्त्रिया, त्यांतली एक दलित, असाव्याच लागतात. पैशासाठी मात्र बहुतेक गाउँपालिकांना अजून काठमांडूच्या अनुदानाकडेच पाहावे लागते.