बाणावरचा शब्द



बालाघाटाच्या कुशीतल्या वडवणीत स्वागत समितीच्या वतीने मी गावोगावहून आलेल्या विज्ञान शिक्षकांचे मनःपूर्वक स्वागत करतो.

माध्यमिक शाळेतले जीवशास्त्र आणि संकल्पना चित्र हा आपल्या परिषदेचा विषय. संकल्पना चित्र म्हणजे चौकटींत संकल्पना आणि त्यांना जोडणाऱ्या बाणांवर जोडशब्द. कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक यांनी १९७२ मध्ये सहकाऱ्यांसह ही पद्धत घडवली. मुलांची विज्ञानाची समज कशी बदलत जाते, हे मुलांच्या मुलाखतींतून नोव्हाक यांना शोधायचे होते. म्हणजे मुळात हे मुलांचे मन वाचण्याचे साधन आहे. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात मीना खरातमल आणि जी. नागार्जुन यांनी जोडशब्दांच्या नेमकेपणावर भर दिला. मला तेच सर्वांत मोलाचे वाटते.

का, ते कळायला आपल्या कापसाचेच उदाहरण पाहा. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने राज्यभर बोंडे पोखरली. बीटी कापसातल्या विषारी प्रथिनाला ती दाद देईना. आता फळ्यावर दोन चौकटी काढा, ‘बोंडअळी’ आणि ‘प्रतिकारक्षमता’, आणि मधल्या बाणावर मुलांना लिहू द्या. ‘अळीला विषाची सवय झाली’ असे कुणी लिहिले, तर दहावीचा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा धडा पाठ असूनही उमगलेला नाही. ‘विष पचवणाऱ्या मोजक्या अळ्या जगल्या, त्यांचीच प्रजा वाढली’ असे लिहिले, तर नैसर्गिक निवड त्या मुलाला शिवारात दिसली.

या भागातली कितीतरी लेकरे आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. मधले धडे हुकलेले असतात. अशा लेकराला मागे पडले म्हणू नका. त्याच्यापुढे कोरा कागद ठेवा, ठाऊक असलेले शब्द मांडू द्या, जोडू द्या. जो बाण रिकामा राहील, तिथून शिकवायला लागा. याला संगणक लागत नाही, खडू-फळा पुरतो. लागतो तो शिक्षकाचा वेळ आणि जिव्हाळा.

आपल्या चर्चेतून अशी चित्रे घडावीत आणि वर्गावर्गांत पोहोचावीत, ही माझी कळकळीची विनंती. मात्र तयार चित्र उतरवून घ्यायला लावले, तर तेही एक पाठांतरच होईल. बाणावरचा शब्द मुलाचा स्वतःचा असू द्या.