हाडाला पत्ता हवा



आपली कुकडी पुढे घोड नदीला मिळते. त्याच घोडकाठी, शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केले. सुमारे ३,००० वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे सापडली आणि घरातल्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत पुरलेली लहान मुलेही.

अशी माणसे मूळची कुठली, कोण कोणाचे, हे आता हाडातल्या डीएनएवरून कळू शकते. पण आपल्या उष्ण हवेत तो टिकत नाही. हरियाणातल्या राखीगढीत साठाहून अधिक नमुने तपासले, तेव्हा एका स्त्रीचा डीएनए वाचता आला. डॉ. वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये तो प्रसिद्ध केला.

मी सॉफ्टवेअरमधली. डीएनएचे तुटके तुकडे जुळवायला संगणक लागतो. पण हाड कोणत्या थरात, कोणत्या भांड्याशेजारी होते, हे संगणक सांगत नाही. ते खोदणाऱ्याच्या वहीत असते. जागेवरून हललेले हाड अर्धे मुके होते.

म्हणून एक विनंती. मढ परिसरात विहीर खणताना, पांढरीची माती उकरताना जुनी खापरे, हाडे दिसली तर जेसीबी थांबवा. हात लावू नका, आपलाच डीएनए त्यात मिसळतो. फोटो काढा, तहसील कार्यालयात कळवा. शेताचे काम चार दिवसांनी होईल. ती जागा मात्र एकदाच वाचता येते.