उघडण्यापूर्वी क्षणभर थांबा



संगणकातील दस्तऐवज म्हणजे निर्जीव कागद, हा समज प्रथम सोडला पाहिजे. पीडीएफ फाईलमध्ये अक्षरे नि चित्रे असतात, तशा जावास्क्रिप्टच्या आज्ञाही असू शकतात. फाईल वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्रुटी असली, की ती उघडताच परक्याच्या आज्ञा आपल्या यंत्रावर चालू लागतात. पडद्यावर मात्र साधे निमंत्रणपत्र दिसते!

याची किंमत आपल्या देशाने मोजली आहे. एप्रिल २०१० मध्ये टोरांटो विद्यापीठातील संशोधकांनी सहकाऱ्यांसह एक अहवाल प्रसिद्ध केला. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या सचिवालयातील कागदपत्रे चोरीस गेली होती. परमपूज्य दलाई लामांच्या कार्यालयाची पंधराशेंहून अधिक पत्रेही. ईमेलने धाडलेल्या पीडीएफ, वर्ड व पॉवरपॉइंट फाईली हे त्या घुसखोरीचे साधन होते. माग चीनमधील चेंगदूपर्यंत गेला. चिनी सरकारचा हात मात्र सिद्ध झाला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

सुधारित आवृत्ती निघाली की ती विनाविलंब घ्यावी. पण २००९ च्या फेब्रुवारीत ॲडोबी रीडरमधील एक त्रुटी उघड झाली, तेव्हा दुरुस्ती हाती येण्यास मार्च उजाडला; हल्ले तर चालूच होते. अशा मधल्या काळात रीडरमधील जावास्क्रिप्ट बंद ठेवावी. ते पूर्ण कवच नव्हे, पण हल्लेखोराचे काम त्याने अवघड होते. आणि परिचिताच्या नावे अनपेक्षित फाईल आली, तर उघडण्यापूर्वी त्यांना दूरध्वनी करून विचारावे. आपल्या कार्यालयांतील जुन्या, कोणाच्याच देखरेखीखाली नसलेल्या संगणकांपासून या आठवड्यातच आरंभ करावा, ही विनंती.