बेटावरचा पाहुणा

मी करकंबचा. पंढरपूरहून टेंभुर्णीकडे निघालात की वाटेत लागते ते करकंब. समुद्र आमच्यापासून इतका लांब की आमच्याकडे लाट म्हणजे उन्हाची. अशा गावातल्या माणसाने बेटावरच्या सुट्टीबद्दल बोलावे, याचे तुम्हाला हसू येईल. पण त्या सुट्टीत मला जे कळले ते पाण्याबद्दलचे होते, आणि पाण्याबद्दल बोलण्याचा सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला थोडाफार हक्क आहे, असे मी समजतो.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिन्यात कणकवलीकडच्या एका कविसंमेलनाचे निमंत्रण आले. कवीला मानधन बेताचे, नारळ आणि शाल मात्र हमखास. घरचे म्हणाले, नारळाच्या मुलखात नारळ घ्यायला जाताच आहात, तर आम्हालाही समुद्र दाखवा. पत्नी, मुलगा, मुलगी आणि मी असे चौघे सांगोला, मिरज, कोल्हापूर करत फोंडा घाट उतरलो. संमेलन एका संध्याकाळचे होते. पुढचे चार दिवस आम्ही मालवणात काढले.

उतरलो ते एका घरगुती निवासात. पुढे अंगण, मागे माडांची बाग, बागेत विहीर. तिकडे विहिरीला बाव म्हणतात. घरच्या काकी साठीच्या, बोलायला मोकळ्या. पहिल्याच संध्याकाळी आम्ही समुद्रात मनसोक्त डुंबून आलो. अंगाला वाळू, केसांत वाळू, कपड्यांत वाळू. चौघांनीही भरपूर अंघोळी केल्या, कपडे धुतले, चपला धुतल्या, आणि रात्री आठच्या सुमारास न्हाणीघरातला नळ खोकला. गच्चीवरची टाकी रिकामी झाली होती.

काकी रागावल्या नाहीत. दारात उभ्या राहून हळूच म्हणाल्या, "पाणी जरा जपान वापरा हां. मे म्हयनो असा. बाव तळाक गेली."

श्रोतेहो, मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. टँकरच्या मागे घागर घेऊन धावलेला मी माणूस. आमचे अब्बा एका लोट्यात वजू करायचे आणि शेवटचा घोट दारातल्या तुळशीसारख्या सब्ज्याच्या रोपाला घालायचे. वाहत्या नदीकाठी बसलात तरी वजूला पाणी वाया घालवू नका, ही शिकवण आम्ही मदरशात पाठ केलेली. घरी अर्ध्या बादलीत अंघोळ उरकणारी आम्ही माणसे, सुट्टीवर गेलो आणि बादल्या मोजायचे विसरलो. खोलीचे पैसे दिले की त्यात पाणीही आले, असा काहीतरी हिशेब मनाने परस्पर करून टाकला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही. माणूस प्रवासाला निघाला की घरचा शहाणपणा घरीच कुलपात ठेवून निघतो की काय, असे वाटत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकींचे यजमान मला बावीपाशी घेऊन गेले. आयुष्य मासेमारीत गेलेला माणूस. त्यांनी सांगितले ते मी नंतर पुस्तकांतूनही पडताळून पाहिले. किनाऱ्यावर आणि बेटावर जमिनीखाली सगळीकडे समुद्राचे खारे पाणी शिरलेले असते. पावसाचे गोडे पाणी जमिनीत मुरते आणि ते हलके असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, दुधावर साय धरावी तसे. विहीर त्या सायीपुरतीच. शास्त्रज्ञांचा ढोबळ हिशेब असा की समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडे पाणी असेल, तर खाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी असते. ऐकायला ही श्रीमंती वाटते. पण गणित उलटे करून पाहा. उपसा करून वरची पातळी एक फूट कायमची उतरवली, तर खालचे खारे पाणी हळूहळू चाळीस फूट वर सरकू शकते. मग बाव आटत नाही. ती भरलेली दिसते, पण पाणी मचूळ होते.

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. आमच्याकडे त्याचा पाचवा हिस्साही कसाबसा. त्यामुळे कोकणातल्या माणसाला पाण्याची काय चिंता, असे आम्ही घाटावरचे लोक समजत आलो. पण जांभ्या दगडातून ते पाणी वाहून जाते, आणि ज्या मे महिन्यात बाव तळाला असते त्याच महिन्यात आमच्यासारख्यांच्या गाड्या घाट उतरतात. आमच्याकडे उजनीचा कालवा आला, उसाला पाणी भरमसाट सुटले आणि काही जमिनी क्षारपड झाल्या. पांढरी पडलेली माती मी पाहिलेली आहे. त्यामुळे मचूळ बाव म्हणजे काय, हे मला फार समजावून सांगावे लागले नाही.

त्याच दिवशी सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलो. शाळेच्या पुस्तकात वाचले होते की शिवाजी महाराजांनी कुरटे नावाच्या बेटावर १६६४ साली या किल्ल्याचे काम सुरू केले. त्या काळच्या कागदांत पाण्यातल्या किल्ल्याला जंजिरा म्हणतात. हा शब्द अरबीतल्या जज़ीरावरून आला, अर्थ बेट. अब्बांच्या उर्दू कायद्यात मी तो लहानपणी गिरवला होता, आणि इथे तो मराठी तट-बुरूज घालून समोर उभा होता. शब्दही प्रवास करतात आणि जिथे जातात तिथले होऊन राहतात. आम्हा प्रवाशांना ते जमत नाही.

किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन विहिरी आहेत. चहूबाजूंनी समुद्र आणि मध्ये गोडे पाणी. गाईड त्याला चमत्कार म्हणत होता. मला त्या सकाळचा धडा आठवला. चमत्कार आहेच, पण तो सायीइतका नाजूक आहे. विहिरींना नावे दिली ती दूध, दही आणि साखरेची, म्हणजे घरात जपून वाढण्याच्या वस्तूंची, हे मात्र माझे कवीचे निरीक्षण. त्याला इतिहासाचा आधार मागू नका.

किल्ल्यात आजही काही कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. पावसाळ्यात पर्यटकांच्या होड्या बंद होतात, पण त्यांचे घर तिथेच असते. तांदूळ, औषध, शाळेची वही, सगळे होडीतून येते. एका घराच्या ओसरीवर आम्ही सरबत प्यायलो. मुलाने पाण्याची रिकामी बाटली कुठे टाकू म्हणून विचारले. घरातली बाई हसून म्हणाली, "बाळा, खय टाकतलस? हयसून खयच जाणा नाय." मुलगा बाटली खिशात कोंबून परत आला. आपल्या गावात कचरा ‘बाहेर’ टाकला की आपण मोकळे होतो. बेटाला बाहेर नसते.

आता माझ्या हातून, खरे तर पायातून, घडलेली चूक सांगतो. किल्ल्याजवळच्या समुद्रात तोंडाला नळी लावून पाण्याखालचे जग दाखवतात. मी भीमेच्या डोहात आणि विहिरीत पोहायला शिकलेला, त्यामुळे जरा जास्तच ऐट होती. पण नळीतून श्वास घेताना जीव घाबरा झाला आणि खाली दिसलेल्या एका गोल दगडावर मी दोन्ही पाय रोवून उभा राहिलो. होडीतला पोरगा ओरडला, "काका, पाय काढा! तो दगड न्हय, जितो असा!"

ते प्रवाळ होते. हजारो चिमुकल्या जिवांनी मिळून बांधलेली वस्ती. अशा घुमटासारख्या प्रवाळाची वाढ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर. माझ्या पायाखाली होते ते हातभर असेल. म्हणजे माझ्या मुलाच्या जन्माच्या आधीपासून ते वाढत होते, आणि मी त्याच्यावर माझे ब्याऐंशी किलो ठेवून दम खात होतो. तळव्याला खरचटले, ती जखम भरायला तीन आठवडे लागले. रोज मलम लावताना मला त्या पोराचा आवाज ऐकू यायचा. त्याने कायदा सांगितला नव्हता. कायदा तसा कडक आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ज्या अनुसूचीत वाघ आहे, त्याच अनुसूचीत २००१ पासून प्रवाळही आहेत. मालवणच्या समुद्रात १९८७ पासून सागरी अभयारण्यही आहे. त्याला तिथल्या मच्छीमारांचा विरोध राहिला, आणि त्यांचे म्हणणे मला अगदीच चुकीचे वाटत नाही. ज्याचे पोट समुद्रावर आहे त्याला आधी नियम सांगायचे आणि चार दिवसांच्या पाहुण्याला नुसते या, बसा म्हणायचे, हा न्याय उलटा आहे. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, तेव्हापासून पाहुणे वाढतच गेले आहेत.

समुद्र तापला की प्रवाळ पांढरे पडतात. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ साली हे मोठ्या प्रमाणावर घडले. ते तापणे थांबवणे माझ्या हातात नाही. पण पाय कुठे ठेवायचा, हे तर माझ्याच हातात होते.

हे सगळे मला इतके का लागले, याचे कारण करकंबात आहे. आषाढीला पैठणहून निघालेली नाथांची पालखी अरण, करकंब, होळे करत पंढरपूरला जाते. आम्ही पाहुण्यांच्या वाटेवरची माणसे. अब्बांच्या दुकानासमोर त्या दिवसांत पाण्याचा रांजण असे आणि आम्ही पोरे तांब्याने वारकऱ्यांना पाणी वाढायचो. एक म्हातारी मला अजून आठवते. ओंजळीने पाणी प्यायली, तांब्यात उरलेले घोटभर पाणी तिने फेकले नाही, लिंबाच्या मुळाशी नेऊन ओतले आणि माझ्या डोक्यावर ओला हात ठेवून पुढे गेली.

तेव्हा जेवणावळी पळसाच्या पत्रावळींवर होत. पालखी गेली की जनावरे त्या खाऊन टाकत. पुढे थर्माकोल आले, प्लास्टिकचे पेले आले, आणि पालखी गेल्यावर आठ-आठ दिवस ते ओढ्यात अडकून राहू लागले. चंद्रभागेच्या वाळवंटाची दशा तर उभ्या महाराष्ट्राने पाहिली. २०१५ पासून निर्मल वारीचे काम सुरू झाले, फिरती शौचालये आली, बराच फरक पडला. भक्ती तेव्हाही तीच होती. बदलले होते ते पाहुण्याच्या हातातले सामान आणि पाहुण्यांची संख्या. यजमानाच्या बाजूने हे सगळे पाहिलेला मी, मालवणात पाहुणा झालो तेव्हा त्या म्हातारीला विसरलो होतो.

जगात आता यजमान बोलू लागले आहेत. थायलंडमध्ये एका सिनेमामुळे गाजलेला माया बे नावाचा किनारा २०१८ साली बंद केला गेला. होड्यांच्या नांगरांनी आणि माणसांच्या पायांनी तिथले प्रवाळ मोडले होते. तो २०२२ मध्ये उघडला, पण नियम घालून. पॅसिफिक महासागरात पलाऊ नावाचा चिमुकला द्वीपदेश आहे. तिथे २०१७ पासून पाहुण्याच्या पासपोर्टवर एक प्रतिज्ञाच उमटवतात, आणि तिच्याखाली सही केल्याशिवाय आत सोडत नाहीत. ही प्रतिज्ञा सरकारला उद्देशून नाही, पलाऊच्या मुलांना उद्देशून आहे. मला ही कल्पना फार आवडली. अधिकाऱ्याला दिलेला शब्द माणूस सहज मोडतो, पोराला दिलेला मोडताना जड जाते.

आमच्या घरात तेव्हापासून थोडे बदल झाले. मोठे नाहीत. समुद्रातून आल्यावर एकाच बादलीत सगळ्यांच्या अंगावरची वाळू उतरते, मग एक-एक तांब्या. काकी जो मासा करतील तो खायचा. सुरमईच हवी म्हणून हटून बसलेली, ती नाही म्हटल्यावर ताट सरकवणारी मंडळी मी तिथे पाहिली, आणि काकींनी केलेले बांगड्याचे तिखले खाऊन त्यांची कीवही केली. मुलीने वेचलेले शंख तिने शेवटच्या दिवशी किनाऱ्यावर परत ठेवले, थोडी रडून. मी तिला मोठे भाषण दिले नाही. माझा पाय तेव्हा पट्टीत होता.

मुलीचे आता लग्न झाले आहे. यंदा जावई आणि नातू यांनाही समुद्र दाखवायचा आहे. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते, पण मी डिसेंबरचा हट्ट धरला. गेल्या आठवड्यात काकींना फोन केला आणि आधी खोलीचे न विचारता बावीचे विचारले. त्या खूप हसल्या. म्हणाल्या, "येवा डिसेंबरात, बाव भरलेली असता. आणि येताना तुमच्याकडची जोंधळ्याची भाकरी करूक पीठ हाडा."

मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी घरात आणून ठेवली आहे. पीठ इथून दळून न्यायचे की ज्वारी तशीच नेऊन मालवणात दळायची, यावर आमच्या घरात अजून एकमत झालेले नाही.